बदलाचं कारण

बसवनगुडी, बंगळूर
८ सप्टेंबर २०२५

श्री. नंदकिशोर साठ्ये यांस,

नमस्कार गृहीत धरा. तब्येतीची चौकशी प्रांजली दर रविवारी फोनवर करतेच, आपल्या लेकीनं केलेली चौकशी मला पुरते. काम आहे म्हणून लिहिते आहे. पुण्याचा पत्ता तिनंच दिला. देताना म्हणाली, "आई, भांडायला नको हं लिहूस." मी म्हटलं, भांडायला पत्र कशाला लागतं?

आमच्या ड्रॉइंग ऑफिसातल्या पाच जणी २३ नोव्हेंबरला सिंगापूरहून बोटीनं जाणार आहोत. पाच दिवस समुद्रात, मध्ये मलेशियाचं एक बंदर, परत सिंगापूर. सगळी तिकिटं रम्यानं काढली. रम्या म्हणजे माझ्या शेजारच्या बोर्डावर एकोणतीस वर्षं बसलेली, तुमच्या भाषेत ‘ती मोठ्यानं हसणारी’. तिनं माझं तिकीट काढलं ते कस्तुरी दांडेकर या नावानं. तिचा काही दोष नाही. मी फॅक्टरीत लागले ती लग्नाच्या तीन वर्षं आधी, बाबांच्या घरून. मस्टरवर कस्तुरी, ओळखपत्रावर कस्तुरी, आता पेन्शनच्या कागदावरही कस्तुरी. सकाळी फॅक्टरीच्या बसमध्ये चढले की मी कस्तुरी आणि संध्याकाळी बसमधून उतरले की विद्या. इतक्या वर्षांत कधी अडलं नाही, कारण बस आणि घर एकमेकांशी कधी बोललेच नाहीत.

आता अडलं. पासपोर्टवर मी विद्या नंदकिशोर साठ्ये आहे. तिकिटावरचं आणि पासपोर्टवरचं नाव एक नसेल तर बोटीवर चढू देत नाहीत. रम्या म्हणते, ३१ ऑक्टोबरपर्यंत तिकिटावरचं नाव दोन मिनिटांत बदलून मिळेल. मी नको म्हटलं. तिकीट बरोबर आहे, पासपोर्ट चुकला आहे. तेव्हा पासपोर्टच बदलायचा.

गांधी बाजारात रविकुमारचं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून माझे कागद पाहिले आणि म्हणाला, "अम्मा, यजमानर सैन बेकु." नवऱ्याची सही हवी. मी म्हटलं, नवरा पुण्यात आहे. तो म्हणाला, पुण्यात पेन मिळत नाही का?

तर दोन गोष्टी पाठवा. एक, आपल्या लग्नाच्या नोंदणीचा दाखला. त्यावर दोन्ही नावं आहेत. तुम्ही जाताना निळी फाइल घेऊन गेलात, त्यात तो गेला. दोन, सोबतच्या कागदावर सही, नोटरीसमोर. कस्तुरी दांडेकर आणि विद्या साठ्ये या एकच, असं तुम्ही सांगायचं आहे. मजकूर रविकुमारनं टाइप केला आहे. फक्त एक रकाना कोरा आहे, नाव बदलल्याचं कारण. तो तुम्ही भरा.

कस्तुरी पद्माकर दांडेकर
(तुमच्या ओळखीसाठी: विद्या)


२४ सप्टेंबर २०२५

श्री. साठ्ये यांस,

पोहोच पावतीवर तुमची सही आहे, म्हणजे पत्र मिळालं. उत्तर नाही. तुमच्या गप्प बसण्याची मला सवय आहे, पण बोटीच्या कंपनीला नाही.

मधल्या दिवसांत प्रांजलीकडे कोरमंगलाला जाऊन आले. तिनं लॅपटॉपवर मला पुढचे सगळे फॉर्म दाखवले. बोटीचा वेगळा, सिंगापूरचा वेगळा, मलेशियाचा वेगळा. सिंगापूरचा पोहोचण्याच्या तीन दिवस आत भरायचा आहे. त्यात एक प्रश्न आहे, याआधी दुसऱ्या नावाच्या पासपोर्टवर या देशात आला होतात का? प्रांजली म्हणाली, "नवीन पासपोर्ट आला की इथे यस करायचं, आणि खाली जुनं नाव." मी तो प्रश्न बराच वेळ पाहत बसले. मला ‘हो’ म्हणायचं आहे. इतकी साधी इच्छा आहे माझी. हो, आले होते, दुसऱ्या नावानं आले होते.

१९९८ साल आठवतं का? तुमची सिंगापूरची परिषद. विमानात हवाई सुंदरीनं प्रत्येकाला एकेक कार्ड दिलं होतं. मी पर्समधून माझं पेन काढलं, ड्रॉइंगचं, बारीक टोकाचं. तुम्ही माझ्या हातातून कार्ड काढून घेतलंत आणि म्हणालात, "दे इकडे, चुका करशील." पंधरा वर्षं रडारच्या भागांची ड्रॉइंगं काढणाऱ्या बाईला. केसाएवढी रेघ चुकली तर भाग बसत नाही अशी ड्रॉइंगं. नाव विद्या, आणि व्यवसायाच्या रकान्यात तुम्ही लिहिलंत, हाऊसवाइफ. मी फक्त सही केली. तिथल्या अधिकाऱ्यानं कार्ड पाहून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा मी काही बोलले नाही. आज बोलते आहे, कारण तेव्हा न बोलल्याचं अजून दुखतं.

आता त्या कोऱ्या रकान्याबद्दल. आमच्या ऑफिसात प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक छोटा तक्ता असायचा. कोणी काढलं, कोणी तपासलं. पुढे काही बदललं, एक भोक जरी अर्ध्या मिलिमीटरनं सरकवलं, तरी त्या तक्त्यात तारीख घालायची, सही करायची आणि बदलाचं कारण लिहायचं. कारण नसेल तर तपासणारे गुरुराज सर ड्रॉइंग परत पाठवायचे. रागवायचे नाहीत, नुसतं परत पाठवायचे. बदल करणाऱ्याला कारण माहीत असतंच, एवढंच त्यांचं म्हणणं.

मग माझ्या बदलाचं कारण काय होतं? ताटात तांदूळ पसरले होते. तुमच्या आईनं ‘सुलभा’ ठरवलं होतं, मला आधी सांगून ठेवलं होतं, मीही मनाची तयारी केली होती. तुम्ही अंगठी हातात घेतलीत आणि कोणाला न विचारता तांदळात ‘विद्या’ लिहिलंत. आईंचा चेहरा पडला. माझे बाबा मात्र खूश झाले. म्हणाले, एवढा शिकलेला जावई, त्याला विद्याच आवडणार. बाबा जाईपर्यंत तेच समजून होते. बरं झालं.

दाखला आणि सही पाठवा.

कस्तुरी


७ ऑक्टोबर २०२५

श्री. साठ्ये यांस,

पाकीट मिळालं. नोटरीचा शिक्का आहे, सही आहे, अक्षर अजून तसंच आहे. दाखला नाही, ‘शोधतो आहे’ अशी चिठ्ठी आहे. आणि कारणाच्या रकान्यात तुम्ही लिहिलं आहे, ‘कुटुंबाच्या रूढीप्रमाणे.’

सोबत तो कागद परत पाठवते आहे.

रविकुमारनं कपाळाला हात लावला. म्हणाला, "इदे साकु अम्मा." एवढं पुरतं. रम्या तर चिडलीच. "कस्तुरी, आर यू मॅड? टिकेट मेले हेसरु चेंज माडिद्रे मुगीतु." तिकिटावर नाव बदललं की संपलं, असं ती मला तीन वेळा म्हणाली. तिला काय सांगू? तिला मी सांगितलं आहे की तुम्ही पुण्याला वडिलोपार्जित फ्लॅटच्या भानगडीत अडकला आहात. तीन वर्षं चाललेली भानगड. ती मान डोलावते आणि विषय बदलते, म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे.

रूढी होती नाव बदलायची, मान्य आहे. माझ्या आईचं बदललं, तुमच्या आईचं बदललं. पण कोणतं नाव ठेवायचं हे रूढी सांगत नाही. ते तुम्ही ठरवलंत.

मला कधी कळलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगते. २०१९च्या जानेवारीत तुमच्या कॉलेजच्या वर्गाचं संमेलन झालं. तुम्ही जुना फोटो मोठा करून, चौकटीत घालून आणलात आणि हॉलमध्ये लावलात. खाली टाइप केलेली नावं होती. मी काच पुसत होते. मला कागदावरचं सगळं वाचायची सवय आहे, त्याला मी काय करू? दुसरी रांग, डावीकडून तिसरी, विद्या. तुम्ही पहिल्या रांगेत, अगदी तिच्या पुढे, आणि सगळे कॅमेऱ्याकडे पाहत असताना तुमची मान अर्धी मागे वळलेली.

मी काच पुसून पूर्ण केली. मग स्वयंपाकघरात गेले. तुम्ही बाहेरून हाक मारलीत, "विद्या, कॉफी." मी कॉफी केली. त्यानंतर साडेतीन वर्षं करत राहिले आणि दर वेळी ‘ओ’ दिली. माझा राग तुमच्यावर आहे, पण त्याहून जास्त त्या ‘ओ’वर आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी रिटायर झाले आणि त्याच महिन्यात तुम्ही फ्लॅटच्या दुरुस्तीसाठी म्हणून पुण्याला गेलात. विद्याबाईंचे यजमान वारले होते, हेही मला नंतर कळलं. मूळ प्रत मिळाल्यावर नक्कल कोण ठेवतं?

तेव्हा रकान्यात खरं लिहा. मला ते कोर्टात दाखवायचं नाही, प्रांजलीलाही दाखवायचं नाही. पासपोर्ट ऑफिसातला कारकून ते वाचेल की नाही तेही ठाऊक नाही. पण तुमच्या हातानं एकदा लिहिलं जायला हवं. ३१ तारखेच्या आत.

कस्तुरी


१९ ऑक्टोबर २०२५

श्री. साठ्ये यांस,

उद्या नरकचतुर्दशी. प्रांजली कालच राहायला आली, सकाळपासून चकल्यांचा सोऱ्या शोधते आहे. दुपारी कुरिअरवाला आला.

या वेळी दाखला आहे. आणि तो कागद नव्यानं, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. कारणाचा रकाना कोरा. तिथं पेन्सिलीनं बारीक अक्षरात, ‘हवं ते तू लिही.’

म्हणजे अजूनही नाही जमलं. छत्तीस वर्षं एका छपराखाली काढून पाच शब्द लिहायचं धैर्य नाही. सही करून मोकळे. बाकी मी भरायचं.

पण पाकिटात आणखी एक कागद होता. तुम्हाला न विचारता घातलेला. ‘त्यांना सांगू नका’ असं खाली लिहिलं आहे. मी लोकांचं ऐकायचं सोडून आता तीन वर्षं झाली, म्हणून त्यातलं काही जसंच्या तसं उतरवते.

‘कस्तुरीताई, दाखला निळ्या फाइलीत सगळ्यांत वरच होता. ते शोधत नव्हते. मीच काढून घातला. तुमची पत्रं मी वाचली, त्याबद्दल क्षमा मागत नाही, कारण ती माझ्याबद्दलही होती. तांदळांचं मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं.

‘एक सांगायचं आहे. इथं ते हाक मारतात, विद्या, चष्मा कुठे ठेवलास? मी तर त्यांचा चष्मा हातातसुद्धा घेतलेला नसतो. विद्या, कॉफीत चिकोरी जास्त झाली. मी चिकोरी कधी आणलीच नाही, आमच्याकडे चहा असतो. विद्या, बस चुकेल. मी कुठल्या बसनं कुठे जाणार? त्या हाकेला मी ‘ओ’ देते, पण ती हाक मला नसते. कॉलेजात ज्या मुलानं मला हाक मारली होती त्याचा आवाज मला आठवतो. तो हा नाही.

‘तुम्ही नाव बदलून घेता आहात हे वाचून बरं वाटलं. तुम्ही पुन्हा कस्तुरी झालात की निदान कागदावर तरी विद्या एकच राहील. मग कदाचित ते नाव माझ्याकडे परत येईल. लवकर करा, ही विनंती.’

खाली सही. विद्या. माझ्यासारखीच, शेवटच्या कान्याला खाली शेपूट.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. प्रांजली आतून म्हणाली, "आई, काय आलंय?" मी म्हटलं, बाबांचे कागद आले. ती म्हणाली, "झालं ना मग? आता जमेल." रविकुमारला फोन केला. तो म्हणाला, "सरी अम्मा, दिवाळी मुगिली, संपू दे एकदा. अर्जंटमध्ये टाकू, मग व्हिसा. धावपळ होईल, पण होईल."

म्हणजे सगळं माझ्या हातात आहे. दाखला, सही, शिक्का आणि एक कोरा रकाना. मी गेले चार तास तो रकाना पुढ्यात घेऊन बसले आहे आणि मला एक शब्द सुचत नाही.

आज सही करत नाही.


२० नोव्हेंबर २०२५

नंदकिशोर,

पहिल्यांदा तुमचं नाव असं लिहिते आहे. उखाण्यात सोडलं तर तोंडानं कधी घेतलं नाही. लिहून पाहिलं, काही आभाळ कोसळलं नाही.

३१ ऑक्टोबरला सकाळी रम्याच्या घरी गेले. तिला म्हटलं, तिकिटावरचं नाव बदल. विद्या नंदकिशोर साठ्ये, पासपोर्टवर आहे तसं. ती माझ्याकडे बघतच राहिली. दोन महिने माझ्यामुळे तिच्या डोक्याला ताप झाला होता. "याके? ईग याके?" आताच का? मी म्हटलं, तू टाइप कर. बोटीच्या कंपनीच्या त्या फॉर्मवरही एक रकाना निघाला, नाव बदलण्याचं कारण. रम्या हसली. मी हसले नाही. मी सांगितलं, लिही, दीर्घ वापर.

तुम्हाला वाटेल, हा सूड आहे. आहेच. त्या बाईंनी मला ताई म्हणून हात जोडले आणि मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. त्याचं वाईटही वाटतं. पण सगळा सूड नाही, तो पेन्सिलीनं लिहिलेला रकाना बघत बसले होते तेव्हाचं ऐका.

मला वाटलं होतं, विद्या म्हणजे तुम्ही माझ्या अंगावर घातलेलं दुसऱ्या कोणाचं पोलकं. काढून फेकलं की आत कस्तुरी असेल, बाबांच्या घरची, एकवीस वर्षांची. आरशासमोर बसून स्वतःला दोन-चार वेळा कस्तुरी म्हणून पाहिलं. फॅक्टरीतल्या कस्तुरीला कोणी ओरबाडलं नव्हतं. तिची ड्रॉइंगं तिथं गठ्ठ्यांत आहेत, कोपऱ्यात के. पी. डी. अशी तीन अक्षरं, ती कोणी पुसणार नाही. तिला पासपोर्टची गरज नाही.

पण प्रांजलीच्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर सही कोणाची आहे? विद्या साठ्ये. तुमच्या आईंच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या वहीत रोज सकाळी नाव कोण लिहायचं? २०१४ साली तुमच्या बायपासच्या आधी, रुग्णाचं काही बरंवाईट झालं तर आमची तक्रार नाही, या कागदावर सही कोणी केली? तुम्ही स्ट्रेचरवर होतात, तुम्ही पाहिली नाहीत. मी पाहिली. शेवटच्या कान्याला शेपूट आलं तेही पाहिलं.

ते नाव तुम्ही तिच्यासाठी लिहिलंत, पण वापरलं मी. चिकोरी मी आणली, चष्मा मी शोधला, बस माझी चुकायची. आता तुम्ही तिला हाक मारता ती मला असते, हे मला तिच्याकडून कळलं. तुम्हाला अजून कळलं नसेल. चाळीस वर्षं जिच्यासाठी झुरलात तिच्या घरात बसून तुम्ही माझ्या नावानं मला बोलावता, आणि मी तिथं नाही. याहून मोठी शिक्षा मला सुचली नसती. मी न मागता तुम्ही ती करून घेतलीत.

तुमच्या सहीचा कागद सोबत परत पाठवते आहे. रकाना कोराच आहे. मी काही भरलं नाही. बदल तुम्ही केलात, कारण तुमच्याकडेच राहू दे.

आज सकाळी प्रांजलीसमोर बसून सिंगापूरचा फॉर्म भरला. ती टाइप करायला पुढे झाली, मी म्हटलं, सरक, मी करते. एका बोटानं केलं, वेळ लागला. नाव, विद्या नंदकिशोर साठ्ये. व्यवसाय, निवृत्त ड्राफ्ट्समन. बोटीच्या फॉर्मवर अडीअडचणीला कोणाला कळवायचं म्हणून सप्टेंबरात मी तुमचं नाव टाकून ठेवलं होतं. सवयीनं. ते काढलं, प्रांजलीचं घातलं.

मग तो प्रश्न आला. याआधी दुसऱ्या नावाच्या पासपोर्टवर या देशात आला होतात का? प्रांजली हळूच म्हणाली, "आई, तुला इथे हो म्हणायचं होतं ना?" मी म्हटलं, होतं. आणि ‘नाही’वर बोट ठेवलं.

परवा पहाटे निघतो. येताना तुमच्यासाठी काही आणणार नाही.

जाता जाता एक काम सांगते. तुमच्या घरातल्या त्या बाईंना हाक मारायला दुसरं नाव शोधा. हे मी देणार नाही, त्या कितीही ताई म्हणाल्या तरी. ठेवायची रीत तुम्हाला ठाऊक आहे. ताट घ्या, अंगठी घ्या. तांदूळ पुण्यातही मिळतात.

विद्या